समुद्रापर्यंत पायी जायची वाट आम्हाला परत द्या

प्रति,
आमच्या किनाऱ्यावर काय बांधायचं, काय तोडायचं आणि रस्ता कुठून न्यायचा हे ठरवणारे गावापासून जिल्ह्यापर्यंतचे सर्व मान्यवर,

सप्रेम नमस्कार.

मी दापोली तालुक्यातली माहेरवाशीण. हर्णै आणि केळशी यांच्या मधल्या पट्ट्यात, आंजर्ल्याच्या उत्तरेला आमचं गाव आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की प्रश्न एका वाडीचा, दोन घरांच्या भांडणाचा होतो आणि फाईल बंद करणं सोपं जातं. मी सांगते आहे ते पलीकडच्या गावातही घडतंय. कोणा एका माणसावर माझा राग नाही. तुमच्यातले काही जण माझ्या भावाबरोबर एका बाकावर बसलेले आहेत, काही जण आमच्या ओटीवर चहा पिऊन गेलेले आहेत. म्हणूनच आतापर्यंत अर्ज केले, भेटून सांगितलं, आणि गप्प बसले. आता गप्प बसवत नाही.

गेल्या चार-पाच वर्षांत आमचा समुद्र गाडीला जवळ आला आणि पायाला लांब गेला. पुण्याहून निघालेली गाडी आज थेट ओल्या वाळूपर्यंत पोचते. वाडीतल्या माणसाला मात्र चालत पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, उतरायला धड वाट उरलेली नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

आमच्या वाडीपासून पुळणीपर्यंत जांभ्या चिऱ्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, आहे. कधी बांधली ते कोणालाच सांगता येत नाही. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आजोबांच्या वेळी ती होतीच. दोन्ही अंगांना गडगे, पावसाळ्यात त्यांच्यावर तेरडा माजतो. वरून फणसाची आणि खाली गेल्यावर उंडीची सावली. पायऱ्या रुंद आणि बुटक्या आहेत, कारण डोक्यावर ओझं असलेल्या बाईला पुढचं पाऊल बघता येत नाही, ते आपोआप पडावं लागतं. रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची, मासळी पाटीत घेऊन माझी आई याच पायऱ्या चढायची. पाटीतलं पाणी मानेवर ओघळत असायचं आणि तिचा हात मात्र पाटीला नसायचा, तो माझ्या हातात असायचा.

संकष्टीला आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला पायी जायचं, हा आमच्या घरचा नेम. दर महिन्याला जमत नसे, पण वर्षातून तीन-चारदा तरी व्हायचंच. पाखाडी उतरून पुळणीवर यायचं, पाणी उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे चालायला लागायचं, मधला खडपाचा, म्हणजे खडकाळ, पट्टा ओहोटीत पार करायचा, की पुढे आंजर्ल्याची वाळू.

भरती-ओहोटीचं गणित आप्पांनी मला शिकवलं ते पाखाडीच्या शेवटच्या पायरीवर बसून. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, चतुर्थीला तीन. चतुर्थीला दुपारी तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास पाणी सगळ्यात आत गेलेलं. तक्ते बघणाऱ्याला यात काही मिनिटांचा फरक सापडेल, पण चालणाऱ्याला एवढं पुरतं. साडेसातला निघावं, नऊच्या आगेमागे खडपातून पार व्हावं, बाराच्या आत कड्यावर चढावं. चतुर्थीचा हा नेम कोणी घालून दिला मला ठाऊक नाही, पण घालून देणाऱ्याला समुद्र कळत होता.

त्या वाटेवर मी काय काय पाहिलंय ते सांगितल्याशिवाय तक्रार सांगणं मला जमणार नाही. ओहोटीची वाळू सिमेंटसारखी घट्ट असते, तिच्यावर चाललं की टाचेभोवती क्षणभर कोरडा पांढरा गोल उमटतो आणि पुसला जातो. खेकड्यांनी बिळातून काढून टाकलेल्या गोळ्यांची नक्षी असते, ती मोडू नये म्हणून मी लहानपणी उड्या मारत चालायची. वरच्या अंगाला मर्यादवेल पसरलेली, तिची जांभळट फुलं सकाळी उघडी असतात. समुद्राची मर्यादा सांगते ती मर्यादवेल, असं आजी म्हणायची. वाळू धरून ठेवते तीही तीच. खडपातल्या डबक्यांत बोटभर मासे अडकलेले असतात, पुढच्या भरतीची वाट बघत. आंजर्ल्यात शिरलं की पुन्हा पाखाडी, या वेळी चढणीची. वाटेत गणपतीचं पाऊल दाखवतात. देऊळ पूर्वी खाली समुद्रकाठी होतं, पाणी पुढे यायला लागलं तेव्हा देव एक पाऊल इथे टेकवून कड्यावर गेला, अशी गावाची श्रद्धा आहे. देवळाचा जीर्णोद्धार १७६८ ते १७८० या काळातला. वर पोचून मागे वळून बघितलं की खाली पाण्यात सुवर्णदुर्ग आणि त्याच्या अंगाला हर्णैचा किनारा. त्या कठड्याशी उभं राहून डब्यातली साबुदाण्याची खिचडी खायची आणि परतीला एसटी. आमची सहल ती एवढीच. जाताना तिला डिझेल लागत नव्हतं, तिकीट लागत नव्हतं आणि तिच्यामुळे कोणाचं काही बिघडत नव्हतं.

आता काय झालंय ते सांगते.

पहिलं दुखणं बंधाऱ्याचं. आमचा किनारा खचतोय हे आम्हाला दिसतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा सुरूची झाडं काडीसारखी मोडली, नारळी-पोफळी झोपल्या, वाडीतल्या लोकांची दहा-पंधरा वर्षांची मेहनत एका दुपारी आडवी झाली. त्यानंतर धूपप्रतिबंधक बंधारा हवा असं म्हणणाऱ्यांत माझा भाऊही होता. पण बंधारा घालताना पाखाडीचं तोंड कुठे येतं हे कोणी पाहिलंच नाही. काळ्या दगडाचे मोठमोठे धोंडे थेट पायऱ्यांवर ओतले. खालच्या अकरा पायऱ्या त्यांच्याखाली गेल्या. आज पाखाडी उतरून आलं की समोर छातीएवढी दगडांची रास आहे, दगड हलतात, मधल्या फटी माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत जाईल एवढ्या आहेत. तरणी पोरं चढून पलीकडे उडी मारतात. खडपावरची कालवं काढायला जाणाऱ्या बायका कोयती पदराला खोचून चार पायांवर त्या दगडांवरून जातात. आप्पा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. ते रोज संध्याकाळी काठी टेकत शेवटच्या उरलेल्या पायरीपर्यंत येतात, दगडांना हात लावून उभे राहतात आणि पलीकडचा आवाज ऐकून भरती किती आली ते सांगतात. दिसत तर नाहीच. आयुष्यभर ज्या माणसाच्या दारात समुद्र होता त्याला तो आता फक्त ऐकू येतो. बंधाऱ्यात चार फुटांचा जिना आणि एक कठडा ठेवला असता तर खर्च किती वाढला असता?

दुसरं, फाटक. पाखाडीच्या मधल्या टप्प्याला लागून असलेली जागा विकली गेली. विकणाऱ्याला दोष देत नाही, वादळात बाग गेल्यावर कर्ज फेडायला दुसरं काही नव्हतं. घेणाऱ्याने गडगा पाडून तारेचं कुंपण घातलं आणि कुंपण घालताना पाखाडीही आत घेतली. लोखंडी फाटक बसलं. सुरुवातीला उघडं असायचं, मग रात्री बंद, मग सुट्टीच्या दिवसांत बंद, आता ‘खासगी मालमत्ता’ अशी पाटी आहे. फाटक वळसा घालून चुकवायचं तर ओहोळातून जावं लागतं. पूर्वी तिथे साकव, म्हणजे छोटा पूल, होता, तोही वाहून गेला तो गेलाच.

माझ्या भावाने गावनकाशाची नक्कल काढली. त्यात आमची पाखाडी एका तुटक रेघेने दाखवलेली आहे, वाडीपासून निघून थेट पुळणीपर्यंत. नकाशात एकेरी तुटक रेघ म्हणजे पायवाट, दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीवाट, हे तुमच्या खात्यातला कोणीही सांगेल. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० मध्ये स्पष्ट लिहिलंय की सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा आणि भरतीरेषेखालची समुद्राची जमीन ही शासनाची आहे. शासनाची म्हणजे आमच्या सगळ्यांसाठी शासनाने सांभाळलेली, अशी माझी समजूत आहे. भावाने अर्ज दिले, त्यांच्या पोचपावत्या घरी आहेत. एका कार्यालयात तोंडी उत्तर मिळालं, ‘आता डांबरी रस्ता झालाय की, पाखाडी कशाला हवी?’ तो रस्ता वाडीपासून फिरून जातो. पाखाडीने सात मिनिटं लागतात तिथे रस्त्याने पाऊण तास, भर उन्हात, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाने येणाऱ्या गाड्या, चालणाऱ्याला बाजूला व्हायला जागा नाही.

तिसरं दुखणं गाड्यांचं, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

रस्ता जिथे संपतो तिथे सुरूबनात सपाटीकरण करून पार्किंग केलं. वादळातून जी थोडी झाडं वाचली होती त्यांतलीही काही त्यात गेली. पार्किंगच्या पुढे अडथळा काहीच नाही. ‘वाहने नेण्यास मनाई’ असा फलक आहे, त्याला टेकून माणसं फोटो काढतात आणि गाडी पुढे घेतात. शनिवारी-रविवारी ओहोटीच्या वाळूवर गाड्या गोल गोल फिरतात. दर हंगामात एखादी रुतते, भरती चढायला लागते, मग गावातला ट्रॅक्टर बोलवायचा, दोर बांधायचे. डिझेल वाळूत सांडतं. आमची पोरं मदतीला धावतात कारण ती तशीच वाढलेली आहेत.

गेल्या माघातल्या संकष्टीला मी, भाऊ, वहिनी आणि माझी सात वर्षांची नात, असे आम्ही निघालो. धोंड्यांवरून नातीला भावाने उचलून पलीकडे दिलं. पुळणीवर कासवांची अंडी राखणारे कासवमित्र भेटले. माघ-फाल्गुन म्हणजे आमच्याकडे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बाहेर पडायचे दिवस. वेळास गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये कासवं वाचवायचं हे काम सुरू केलं, मग आंजर्ल्यात आणि किनाऱ्यावरच्या इतर गावांतही ते रुजलं. पूर्वी जी माणसं अंडी उकरून न्यायची त्यांच्याच घरातली पोरं आज पहाटे मैलभर चालून मादीचा माग शोधतात, शंभरेक अंडी मोजून जाळीच्या कुंपणात तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवतात आणि दीड-दोन महिने राखण करतात. महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट आहे.

त्या सकाळी पिल्लं सोडली. तळहाताहून लहान, राखाडी, ओल्या पुठ्ठ्यासारखी दिसणारी. ती थेट पाण्याकडे निघतात, त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. पण वाळूवर आदल्या रात्रीच्या गाडीच्या चाकोऱ्या होत्या. वीतभर खोल, किनाऱ्याला समांतर, लांबच लांब. पिल्लं तुरुतुरु येत आणि चाकोरीत पडत. पडलं की भिंत चढता येत नाही, मग ते चाकोरीतूनच चालायला लागतं, पाण्याकडे नाही, आडवं. एक पिल्लू असं बरंच लांब गेलं. वर कावळे जमायला लागले होते. कासवमित्राने जाळीपलीकडून फक्त एवढंच सांगितलं की उचलू नका, वाळू सारा. मग आम्ही सगळे गुडघ्यांवर बसलो आणि हातांनी चाकोऱ्यांच्या कडा मोडत गेलो. माझी नात, वहिनी, मुंबईहून आलेलं एक जोडपं, कोणी ओळखीचं नव्हतं, सगळे वाळू सारत होते. पिल्लं वर आली आणि गेली. आम्ही त्या सकाळी तिथे होतो. ज्या रात्री पिल्लं जाळीबाहेरच्या, न सापडलेल्या घरट्यातून निघतात तेव्हा तिथे कोणी नसतं.

त्यानंतर आम्ही पुढे चालू लागलो. नऊ वाजत आले होते. मागून उघडी जीप आली, गाणी मोठ्याने लावलेली. नात माझ्या दहा पावलं पुढे शिंपले वेचत वाकली होती. लाटेच्या आवाजात गाडीचा आवाज येत नाही, वाळूवर चाकांचा आवाज होतच नाही. चालवणाऱ्याने शेवटच्या क्षणी वळवली. तिच्या फ्रॉकवर वाळू उडाली, एवढंच झालं. गाडीतला मुलगा तोंडावर हात धरून बघत राहिला, तोही घाबरला होता, मग निघून गेला. मी नातीला घेऊन तिथेच खाली बसले. त्या दिवशी आम्ही कड्यावर गेलो नाही. आमच्या घरचा नेम पाण्यामुळे कधी मोडला नव्हता, गाडीमुळे मोडला.

ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. १८ जानेवारी २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागा, वाळूच्या टेकड्या आणि कांदळवनं सगळ्यात कडक संरक्षणाच्या वर्गात घातली आहेत. हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कायदा नाही अशी माझी तक्रारच नाही. पार्किंगच्या टोकाला दगडी खांब पुरायला आणि त्यांच्यात साखळी टाकायला एक दिवस लागतो, तो एक दिवस इतक्या वर्षांत मिळाला नाही, ही तक्रार आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पाण्याची वेळ सांगणारा एकही फलक किनाऱ्यावर नाही. घाटावरून आलेल्या माणसाला अमावास्या-पौर्णिमेचं उधाण म्हणजे काय हे कळायचं कसं? खडपात शिरून मागे पाणी भरलेलं बघून किंचाळणारी माणसं आमच्या वाडीने बाहेर काढली आहेत. जीवरक्षक हंगामात कधी असतो, कधी नसतो. बायकांसाठी स्वच्छतागृह बांधलं, त्याला कुलूप आहे. आणि सकाळची एसटी बंद झाल्यापासून ज्याच्याकडे गाडी नाही त्याने आमच्या किनाऱ्यावर यावं तरी कसं?

तुम्ही म्हणाल, पर्यटन नको का? हवं. माझ्या भावाच्या घरी चार खोल्या पाहुण्यांसाठी आहेत, वहिनीच्या हातचे उकडीचे मोदक आणि आमसुलाचं सार खायला लोक पुन्हा येतात. वादळानंतर घर उभं राहिलं ते त्या चार खोल्यांवर. पण ते पाहुणे सकाळी उठून पहिली गोष्ट विचारतात ती ही, की इथून समुद्रावर चालत कसं जायचं? त्यांना गाडीतच बसायचं असतं तर ते शहरातही बसले असते. वहिनी त्यांना काय सांगणार? फाटक बंद आहे, धोंड्यांवरून जपून जा?

आणि येत्या काही वर्षांत गर्दी वाढणार आहे. जुलै २०२५ मध्ये सुवर्णदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. आम्हाला आनंद झाला, हर्णैत पेढे वाटले गेले असतील तर त्यात नवल नाही. सागरी महामार्ग येऊ घातला आहे. म्हणजे आज जे ठरेल तेच पुढची पन्नास वर्षं राहील. केळशीची वाळूची टेकडी आठवा. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तिच्यात जुन्या काळाच्या खुणा शोधल्या, सोळाव्या शतकातल्या त्सुनामीशी तिचा संबंध लावला. अशी टेकडी एकदा कापली की कोणत्याही निधीतून पुन्हा रचता येत नाही. पाखाडीचंही तसंच. जेसीबीने काढलेला जांभा परत बसवणारे गवंडी आमच्या पंचक्रोशीत आता दोघेच उरले आहेत आणि दोघेही साठीच्या पुढचे.

एका बैठकीत मला विचारलं गेलं, ‘ताई, आता चालत जातंच कोण?’ प्रश्न रागाने विचारला नव्हता, म्हणून नीट उत्तर देते. शाळेतली पोरं जातात. कालवं आणि मुळे, म्हणजे खायचे शिंपले, काढणाऱ्या बायका जातात, त्यांच्या घरात त्यावर चूल पेटते. रापण ओढायला माणसं जातात. कासवमित्र पहाटे चारला जातात. म्हातारी माणसं संध्याकाळी वारा खायला जातात. सुट्टीला आलेल्या मुंबईकर चाकरमान्यांची मुलं जातात. आणि इथलं चालणं काही आजचं नाही. याच तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे विद्यार्थी असताना परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी गेले होते, कुंभार्ली घाट चढून. आमच्याकडच्या माणसाला चालण्याचं अप्रूप नाही. त्याला फक्त वाट लागते.

म्हणून मागणं आहे ते असं.

गावनकाशात जेवढ्या पायवाटा समुद्राकडे जाताना दाखवल्या आहेत त्यांची मोजणी करा, दोन्ही बाजूंना हद्दीचे दगड लावा आणि यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. त्यांवर आलेली कुंपणं आणि फाटकं नोटीस देऊन, नियमाने, दिवाळीच्या सुट्टीआधी काढा. ज्यांनी जागा घेतली आहे त्यांच्या मालमत्तेला आम्हाला हात लावायचा नाही, वाट तेवढी मोकळी हवी.

बंधाऱ्यात पाखाडीच्या तोंडाशी कठड्यासह जिना बांधा. पाखाडीची दुरुस्ती चिऱ्यानेच करा, काँक्रीटचा उतार नको. शेवाळ दोन्हींवर धरतं, पण पायरीवर पाय टेकायला जागा असते, उतारावरून माणूस थेट खाली जातो. साकव परत घाला. चिरा आणि मजुरी यांच्यासाठी निधी कमी पडला तर वाडी श्रमदान करेल, हे मी भावकीला विचारून लिहिते आहे.

सुरूबनाच्या पुढे एकही गाडी जाणार नाही असे खांब पुरा. किनाऱ्यावर फक्त रुग्णवाहिका, वनखातं आणि मच्छीमारांच्या कामाचं वाहन, त्यासाठी कुलूपबंद साखळी आणि किल्ली गावात. विणीच्या हंगामात, नोव्हेंबर ते मे, रात्री पुळणीवर प्रखर दिवे लावू नयेत.

पार्किंगपाशी आणि पाखाडीच्या डोक्यावर काळा फळा लावा. रोज त्यावर तिथी, भरतीची वेळ आणि ओहोटीची वेळ लिहायची. खडू आमचा. हे काम शाळेच्या मुलांना द्या, त्यांचं गणितही पक्कं होईल. जीवरक्षक हंगामभर नेमा, स्वच्छतागृहाची किल्ली बचत गटाकडे द्या, सकाळची एसटी सुरू करा.

आणि शेवटचं मागणं: यापुढे किनाऱ्यावर कोणतंही काम काढण्याआधी त्याचा नकाशा, मराठीत, मोठ्या अक्षरांत, ग्रामसभेत भिंतीवर लावा. आम्हाला गाड्यांच्या रेघा दाखवता तशाच चालणाऱ्यांच्या रेघाही त्यात दिसायला हव्यात. बंधाऱ्याचा नकाशा आधी दाखवला असता तर त्या अकरा पायऱ्या कुठे आहेत हे आप्पांनी डोळे मिटून सांगितलं असतं.

येत्या मार्गशीर्षातल्या संकष्टीला आम्ही पुन्हा निघणार आहोत. मी, भाऊ, वहिनी, नात आणि वाडीतले पंधरा-वीस जण. चतुर्थी म्हणजे भरती दुपारी तीनला, ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. साडेसातला पाखाडीच्या डोक्यावर, फणसाखाली जमायचं आहे. तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी आमच्याबरोबर चालावं अशी मनापासून विनंती आहे. फाटकापाशी काय करायचं ते तुम्ही सांगा, धोंड्यांवरून उतरताना आम्ही हात देऊ. पायात जुनी चप्पल असू द्या, खडपात नवी टिकत नाही. खिचडीचा डबा तुमच्या वाट्याचाही घेते.

आप्पा आमच्याबरोबर शेवटच्या पायरीपर्यंत येणार आहेत. त्या दिवसापर्यंत जिना झाला असेल तर त्यांना पुढेही आणायचं आहे.

आपली,
वाडीतली एक माहेरवाशीण